देवयानीच्या दारातला डाग

श्रीकांत गेल्याची बातमी मला शोकसभेच्या निरोपातून कळली, व्हॉट्सअ‍ॅपवर, दुसऱ्या ओळीत. ज्या माणसाशी शाळेपासून भांडलो, तो गेल्याचं असं कळावं... पण आम्ही बोलतच नव्हतो, तर फोन कोण करणार? सभेला गेलो. आकाशाचे यात्री, ताऱ्यांत विलीन झाले, असं एकेक प्राध्यापक बोलत होता. निम्म्यांनी त्याच्या दुर्बिणीला कधी डोळाही लावला नसेल. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नको म्हणालो. माझ्याजवळचे शब्द सभेत बोलण्यासारखे नव्हते, म्हणून इथं लिहितो.

श्रीकांतला व्यवहार अजिबात नव्हता. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराचा मुलगा. दहावीनंतर मागावर बसलो, पुढं मोडीत निघालेले यंत्रमाग घेऊन विकायला लागलो आणि त्यावरच उभा राहिलो. तो आमच्याच गल्लीतला. भौतिकशास्त्र शिकवायचा आणि भाजीवालीनं सांगितलेला भाव मुकाट्यानं द्यायचा. दुर्बीण करायचं त्याच्या डोक्यात आलं, तेव्हा आरशासाठी जाड काच हवी होती. हा नुसती पत्रं लिहीत बसला. शेवटी मी मुंबईच्या भंगार बाजारात गेलो, मोडलेल्या जहाजाच्या खिडकीची गोल काच निवडली, भांडून घेतली आणि मांडीवर ठेवून सोलापूरला आणली. मग माझ्याच गोदामात ती घासणं सुरू झालं. पिंपावर एक काच, तिच्यावर दुसरी, मधे दाणेदार पूड आणि पाणी. हात पुढं-मागं करत पिंपाभोवती फिरायचं. तो थकला की मी, मी थकलो की तो. दोन हिवाळे आम्ही घाण्याच्या बैलासारखे फिरलो, कशासाठी, तर ह्याला एक डाग बघायचा होता.

डागच तो. देवयानी ही मोठी दीर्घिका, ताऱ्यांचं अफाट गाव. चांगल्या अंधारात नुसत्या डोळ्यांनाही दिसते. तिच्याभोवती काही बटू, म्हणजे खुज्या, दीर्घिका फिरतात. त्यातली एक फारच फिकट, शर्मिष्ठेच्या ताऱ्यांकडं. पुराणातली शर्मिष्ठा देवयानीची दासी झाली, म्हणून श्रीकांतला ह्या जागेचं भारी कौतुक. मी म्हणायचो, अरे, मालकीण समोर उभी असताना दासीकडचा धूर काय बघतोस? बघायची रीतही तसलीच. सरळ बघितलं की नाहीशी होते. नजर जरा बाजूला ठेवली तर डोळ्याच्या कोपऱ्यात उमटते म्हणे. मी जन्मभर समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून सौदे केले. मला ती कधीच दिसली नाही.

एका अमावस्येला, दिवेलागणीनंतर, मैंदर्गीजवळच्या एका शेतात त्यानं कॉलेजची मंडळी जमवली. दुर्बीण माझ्या टेम्पोतून गेली, मीच उतरवली. शेतमालकानं बराच वेळ डोळा लावून सांगितलं, "सर, काय बी दिसंना की." मंडळी हसली आणि श्रीकांतला चेव आला. कुणीतरी विचारलं, दुर्बीण कुणी केली? तो म्हणाला, "मी केली. आणि हा लक्ष्मण म्हणजे आमची बटू दीर्घिका. माझ्याभोवती फिरतो, पण दिसत नाही फारसा."

माझी उंची पाच फुटाला जेमतेम. सगळे हसले, शेतमालकसुद्धा.

"शब्द मागं घे," मी म्हणालो.

"अरे, थट्टा केली."

"मागं घे, श्रीकांत."

"लक्ष्या, हितंही घासाघीस करणार का तू?"

दुर्बीण आणि प्राध्यापक, सगळ्यांना तिथंच अंधारात सोडून मी टेम्पो घेऊन परत आलो. पुढं लग्नाकार्यात तो समोर यायचा, कसा आहेस म्हणायचा, मी तोंड फिरवायचो. मला त्याच्याकडून एकच शब्द हवा होता... चुकलो. सौद्यात गप्प बसून राहिलं की समोरचा आधी तोंड उघडतो, हा माझा अनुभव. ह्यानं उघडलं नाही. तसाच मेला.

सभेनंतर वहिनींनी मला घरी बोलावलं. दुर्बीण कॉलेजला हवी होती, पण कॉलेजवाल्यांचं म्हणणं, आधी स्टँड उंच करून द्या. वेल्डिंग माझ्याकडंच होतं. गच्चीवर गेलो. जुनं लाकडी बूड जाऊन लोखंडी स्टँड आला होता. पूर्वी मी तेलाच्या डब्यावर चढून बघायचो. आता नुसता उभा राहिलो, तर भिंग बरोबर माझ्या डोळ्याशी आलं.

"तुम्ही यायचं बंद केलंत, तेव्हाच करून घेतला," वहिनी म्हणाल्या. "हे सहा फुटी. दर वेळी कमरेत वाकून बघायचे आणि रात्रभर पाठ धरून पडायचे. उंच करा म्हटलं की म्हणायचे, लक्ष्या आला तर त्याला परत डब्यावर चढवू का?"

मला रागच आला. "वहिनी, ह्याला शिकलेला कोण म्हणेल? एक शब्द फुकट होता. तो सोडून कंबर मोडून घेतली ह्यानं."

मी जिना उतरलो. कॉलेजवाल्यांना मी खालूनच फोन लावला. दुर्बीण खुशाल न्या म्हटलं, पण स्टँडला हात लावायचा नाही. ज्याला बघायचंय, त्यानं वाकावं.