प्रशीलच्या जातीचा दाखला

तापीकाठच्या गावात पार्वताबाईचा पोरगा प्रशील पारावर बसून फोनवर बोलला, हटकल्यावर उठला नाही, म्हणून चौघांनी त्याला ठार मारलं. मारणाऱ्यांनी जातीचा दाखला मागितला नव्हता. सरकारनं मागितला. अत्याचाराचं कलम टिकवायचं तर मयताची जात सिद्ध करा. आणि प्रशीलच्या शाळेच्या कागदावर तो रकानाच कोरा. त्याचा बाप देवचंद, आता हयात नाही, ऐटीत हेडमास्तरांना म्हणाला होता, "आम्हीन बौद्ध शेतस, गुरुजी. जातना रकानामा काहीच लिखू नका."

कचेरीतला कारकून तसा भला. "सहीसाठी मयताला घेऊन या," म्हणाला, मग जीभ चावली आणि गावचौकशी लावली.

तलाठी येऊन चुडामणच्या हॉटेलात बसले. कुणाच्या आजोबाची सोयरीक कुठं मोडली हे ज्या गावाला तोंडपाठ, त्यानं कानांवर हात ठेवले. प्रशीलची जात कुणालाच ठाऊक नाही. "आमना गावमा जातपात नहीच, साहेब," चुडामण म्हणाला. "बठ्ठा एक शेतस."

कंटाळून तलाठ्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बाहेर उभ्या पार्वताबाईसाठी चुडामणनं वळचणीतला कानतुटका कप काढला आणि वरून चहा ओतला.

"हा वेगळा का?" तलाठ्यांनी विचारलं.

"त्या लोकेसले तोच कप ऱ्हास," चुडामण म्हणाला आणि घाईनं किटलीकडे वळला.

वीस वर्षं तिनं तो कप टाळला होता, प्रशीलनं तर शपथच घातली होती. आज तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, चहा मातीत ओतला आणि रिकामा कप तलाठ्यांच्या कागदांवर ठेवला. "लिखा साहेब. कप एक, कान नही."

पंचनाम्यात कप चढला. सोमवारी तालुक्याला शंभर बाया तसलेच कप घेऊन मोर्च्याला आल्या, पुढच्या सोमवारी धुळ्यात हजार. जिनं तिनं आपापल्या गावातून आणले होते. कमी पडले नाहीत.

पंधराव्या दिवशी दाखला मिळाला. खाली छापलं होतं, शिक्षण व नोकरीसाठी ग्राह्य. कारकुनानं अभिनंदनही केलं. कलम टिकलं, वकीलही खूश झाला. घरी येऊन पार्वताबाई देवचंदच्या फोटोसमोर बसली आणि पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली. नवऱ्यानं छाती काढून कोरा ठेवलेला रकाना ती भरून आली होती.