अर्धा चमचा चूर्ण आणि अख्खं घर

कामशेतला माझा आयुर्वेदिक दवाखाना आहे. तिथं औषधं अधूनमधून संपतात, किस्से मात्र कधीच संपत नाहीत. विशेषतः मनाच्या दुखण्याचे. कारण खोकल्याला अर्धा चमचा सांगितला तर माणूस निमूट अर्धा चमचा घेतो. पण मन लागत नाही म्हणून काही दिलं, की प्रत्येक जण स्वतःच वैद्य होतो. डोस वाढवतो, कमी करतो, वाटून टाकतो! मी फक्त नावाला डॉक्टरीणबाई.

माझ्याकडे ‘डिप्रेशन’ असं कुणी येऊन सांगत नाही. "करमत न्हाई," "जीव रमत न्हाई," "कशात राम न्हाई." पुड्या बांधणारी मंदा म्हणते, "मॅडम, तीनही एकच. फक्त गाव वेगळं."

*

लोणावळ्याचे कदमकाका रेल्वेत होते. कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात ना, त्यांतलं एक हे चालवायचे. निवृत्त झाले आणि सकाळी उठून करायचं काय, हेच त्यांना कळेना. बोलेनात, जेवेनात. मी अश्वगंधेच्या गोळ्या दिल्या. सकाळी एक, रात्री एक.

पुढच्या खेपेला आले ते पोट धरून. डोळ्यांवर झोप, पाय लटपटतायत.

"काका, रोज किती घेता?"

"ते चढावर अवलंबून."

"कसला चढ?"

"ज्या दिवशी मन जड, त्या दिवशी चढ. मग मागं आणखी दोन लावतो. पुढचं एकटं ओढत नाही, मॅडम!"

"आणि ब्रेक?"

काकांनी पोटाकडे बघितलं. "तोच तर लागत नाहीये!"

*

लोणावळ्याचाच एक चिक्कीवाला. बायको गेल्यापासून दुकानात बसायचा, पण गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघायचा नाही. त्याला ब्राह्मीचं चूर्ण दिलं. कडू लागतं म्हणून हा पठ्ठ्या करतो काय, तर स्वतःपुरत्या चिक्कीत ते कालवतो. म्हणे, रोज एक वडी खाल्ली की डोस झाला!

एका रविवारी गर्दीत तोच ट्रे विकला गेला. मुंबईचं एक कुटुंब तोंड वाकडं करून परत आलं. "अहो, ही कडू कशी?"

"सेंद्रिय गूळ आहे," हा म्हणाला.

तर त्यांनी आणखी अर्धा किलो नेली! मला हे सांगताना तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. मी त्याला वडीतून औषध घ्यायला कडक मनाई केली. तरी मंदानं हळूच विचारलंच, "एखादी वडी उरलीय का हो?"

*

इंदुरीच्या बाजूला बंगला घेतलेले एक साहेब. कंपनीत मोठे. मोबाईलवर आलेख घेऊन आले. कोणत्या दिवशी किती मिलिग्रॅम आणि मूडला दहापैकी किती मार्क! ऑनलाइन मागवलेल्या पाच बाटल्या टेबलावर मांडल्या. रोज सकाळी मार्क बघून डोस बदलायचे.

मी विचारलं, "दुसऱ्या कुणा डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत का?"

"आहेत ना. पुण्याच्या सायकियाट्रिस्टच्या."

"त्यांना ह्या बाटल्यांबद्दल सांगितलंत?"

"त्यांना कशाला? हे सगळं नॅचरल आहे."

"धोत्र्याचं विषही नॅचरलच असतं, साहेब!"

मला रागच आला होता. समोर बसवून पुण्याला फोन लावायला लावला. तिकडच्या डॉक्टरांनी पाचही बाटल्या बंद करायला सांगितल्या. जाताना साहेब आलेखाकडे बघत म्हणाले, "मग आता मी रोज सकाळी काय करू?"

मंदा म्हणाली, "दात घासा."

*

आता सुनंदाची गोष्ट. बेडसे गावची. सातव्या महिन्यात हिचं बाळ पोटातच गेलं आणि ही गप्प झाली. चुलीपुढं बसली की बसलीच. भाकरी करपली तरी हात हलायचा नाही. सासू तिला घेऊन आली. नाव चंद्रभागा. मी त्यांना मावशी म्हणते. आवाज असा की बोलल्या की बाहेर बसलेले पेशंट सरळ होऊन बसतात.

मावशींना बाहेर बसवून मी सुनंदाशी बोलले. तिला म्हटलं, हे नुसत्या चूर्णाचं काम नाही. तळेगावला मनाचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू.

तिनं माझा हातच धरला. "नको बाई! माझ्या आत्याला येडी म्हनून माहेरी आणून सोडली. परत न्हेलीच न्हाई तिला. मलाबी सोडतील."

मला फार वाईट वाटलं. पण जबरदस्ती करून काय होणार? शेवटी दर आठवड्याला यायचं, या अटीवर चूर्ण दिलं. अर्धा चमचा, दुधाबरोबर.

काही फरक नाही. एक चमचा केला. तरी नाही. पुडी मात्र वेळेच्या आधीच संपायला लागली! मी घाबरले. पोरगी एकदम मूठभर तर खात नाही ना? मावशींना बोलावून घेतलं.

"मावशी, पुडी इतक्यात कशी संपते?"

"संपनारच की. आमी समदी घेतो."

"समदी म्हणजे?"

"मी, आमचा म्हातारा, थोरला पोरगा, धाकला पोरगा. संध्याकाळी वळीनं बसतो, वाट्या मांडतो आन् घेतो."

"अहो मावशी, औषध सुनेचं आहे!"

"आसंल. पन एकटीनंच कसं खायाचं? आमच्यात बरं दिसत न्हाई ते."

मी कपाळाला हात लावला. इतके दिवस मी सुनंदाचा म्हणून जो डोस वाढवत होते, तो अख्ख्या घराचा वाढत होता. सासऱ्यांना झक्कास झोप लागत होती, दिराची भूक वाढली होती. माझी पेशंट होती तिथंच!

मावशी जाताना म्हणाल्या, "पन वाईच ग्वाड करता आलं तर बघा. म्हातारा लय तोंड वाकडं करतो."

मंदा अजून कुठल्याही लग्नकार्यात हा किस्सा सांगते.

*

त्यानंतर सुनंदा जेवेनाशीच झाली. एकदा मान खाली घालून मला म्हणाली, "बाई, सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली." हे ऐकल्यावर वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी तिला विचारलं, "मावशींना सांगू?" तिनं नाही म्हटलं नाही.

मावशींना आत घेतलं आणि दोघींसमोर सरळ सांगून टाकलं. "माझ्या चूर्णाचं काम इथं संपलं. हिला आता तळेगावच्या डॉक्टरांच्याच गोळ्या पाहिजेत. त्या गोळ्या फक्त हिच्या. वाटून घ्यायच्या नाहीत! आणि बरी होईपर्यंत हिला एकटी सोडायची नाही."

सुनंदानं पदर तोंडात कोंबला. "मी न्हाई जायची. गावात कळंल. समदी येडी म्हनतील."

मावशींनी तिच्या तोंडातला पदर काढून नीट तिच्या डोक्यावर घेतला. मग उठताना मला एवढंच विचारलं, "कंच्या वारी बसत्यात ते डाक्टर?"

"उद्याच आहेत. बुधवारी."

मी रात्री त्यांच्या घरी फोन केला, तर कुणी उचलला नाही. बुधवारी सकाळपासून माझं लक्ष कामात नव्हतं. दुपारी तळेगावहून रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही एक पेशंट पाठवणार होता ना?"

"हो. आली नाही का?"

"आली की! पण पिकअप भरून माणसं आलीत. सासू, सासरा, नवरा, दीर, सगळी! आणि हॉलमध्ये त्यांच्याच गावची दोन माणसं आधीपासून बसलीयेत. ती टकामका बघतायत. मी विचारलं, केसपेपर कुणाचा काढू? आजारी कोण आहे? तर त्या म्हाताऱ्या बाई..."

"काय म्हणाल्या?"

"टेबलावर हात आपटला, मॅडम! अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘आमच्या घरात एकटीला कायबी व्हत न्हाई. समद्यांची नावं ल्हिवा. पयलं माझं ल्हिवा!’"