हुपरीकरांचा एकतीस जुलै

नेपरव्हिलच्या मराठी मंडळींत बेसबॉल कळणारा माणूस एकच, नरेंद्र हुपरीकर. बाकीचे सगळे क्रिकेटपायी पहाटे अलार्म लावणारे. हुपरीकरांनी क्रिकेट सोडलं ते मुलापायी. निहार सात वर्षांचा असताना शाळेच्या मैदानावर बॉल टाकायला लागला आणि बाप कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभा राहायला लागला. पोरगं पुढे पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बोलर, काही झालं नाही, पण बापाला जी खोड लागली ती लागली. बहात्तराव्या वर्षी हा गृहस्थ दिवसाला दोन-दोन मॅचेस बघायचा आणि टीव्हीवरच्या तज्ज्ञांना अस्सल कोल्हापुरीत झापायचा.

नोकरी त्यांनी एकतीस वर्षं एकाच ठिकाणी केली, बेअरिंगच्या कारखान्यात, क्वालिटी डिपार्टमेंटला. फिरत्या मशीनला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि सांगायचं, "हे जाणार. दोन आठवडे काढेल फार तर." आणि मशीन खरंच दोन आठवड्यांत बसायचं. गोरे साहेब तोंडात बोट घालायचे. त्या कानावर हुपरीकरांचा फार भरवसा. जरा जास्तच होता, पण तेव्हा त्यांना हे कोण सांगणार!

निहार स्टॅटिस्टिक्स शिकला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेसबॉल क्लबच्या ऑफिसात लागला. काम काय, तर दुसऱ्या क्लबांचे खेळाडू पारखायचे. सीझनच्या मध्यावर क्लब आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, त्याला इथे ट्रेड म्हणतात. त्याची एक शेवटची वेळ असते. यंदा ती होती एकतीस जुलै, नेपरव्हिलच्या घड्याळात संध्याकाळचे पाच. त्यानंतर दार बंद. मग कितीही हात चोळा, उपयोग नाही. म्हणून अख्खा जुलै निहार ऑफिसातल्या सोफ्यावर झोपायचा.

"यांची लगीनसराई सुरू झाली," वसुधाताई म्हणायच्या. हुपरीकरांच्या ह्या पत्नी. बेसबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांच्यामुळे त्या घरात ट्रेडच्या खेळाडूंना 'स्थळं' असंच नाव पडलं होतं. ऑफिसातलं काही बाहेर बोलायची निहारला बंदी होती. तो फक्त एवढंच म्हणायचा, "बाबा, सहज विचारतो हं, तो अमका लेफ्टी कसा वाटतो?" की बाप काय ते ओळखायचा, चार दिवस त्या पोराच्या मॅचेस पुन्हा पुन्हा बघायचा, आणि मागून वसुधाताईंची चौकशी सुरू. "कुठलं स्थळ आलंय? वय काय? मागे काही दुखणंबिखणं? नाहीतर नंतर कळायचं आणि बसा बोंबलत!" निहार फोनवर खो खो हसायचा. बावीस कॉलमांच्या त्याच्या तक्त्यात जे नसे ते कधीकधी आई-बापाच्या या पत्रिका बघण्यात सापडायचं, हे तो स्वतः कबूल करायचा.

या मे महिन्यात वसुधाताईंच्या पोटात दुखायला लागलं. वीस तारखेला रिपोर्ट आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि पार लिव्हरपर्यंत पसरलेला. डॉक्टर म्हणाले, तीन ते सहा महिने. केमोला वसुधाताईंनी साफ नकार दिला. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "निहारला आत्ता सांगायचं नाही."

"अगं, असं कसं?"

"यंदा पहिल्यांदा पिचर्सची अख्खी यादी त्याच्या हातात दिलीय. आत्ता कळलं तर सगळं टाकून धावत येईल. एकतीस जुलै होऊ दे, पाच वाजू दे, मग सांगा. ऑगस्टभर येऊन राहू दे माझ्याजवळ. माझी शपथ आहे तुम्हाला."

आणि हुपरीकरांनी हिशेब केला. तीन ते सहा. म्हणजे कमीत कमी तीन, म्हणजे वीस ऑगस्ट. कारखान्यात लिहून दिलेल्या मापाच्या खाली वस्तू जात नाही, गेली तर ती बाहेर पाठवत नाहीत. डॉक्टरांच्या अंदाजालाही त्यांनी तोच नियम लावला. शिकलेला माणूस, पण माणसाच्या जिवाला मशीनची गॅरंटी लावून बसला. कर्म!

निहारला सांगितलं, पित्ताचे खडे आहेत. त्याचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी वसुधाताई केस नीट करायच्या, टिकली लावायच्या, गालाला किंचित लाली लावायच्या आणि पाठीला तीन उशा घेऊन बसायच्या. तीन-चार मिनिटं मजेत बोलायच्या. फोन बंद झाला की आडव्या व्हायच्या त्या संध्याकाळपर्यंत उठायच्या नाहीत. एकदा निहार म्हणाला, "आई, यू लुक सो टायर्ड." तर म्हणाल्या, "इथे ऊन बघ किती आहे, बाहेर पडवत नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची.

शेजारच्या सरला काकू रोज मऊ भात आणि साराचं पातेलं घेऊन यायच्या. त्यांना हे अजिबात पटलं नव्हतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा स्वयंपाकघरात त्यांनी हुपरीकरांना धरलंच. "नरेंद्रभाऊ, पोराला कळवा. तुमच्या वडिलांच्या वेळचं विसरलात?"

विसरतील कसे! एकोणऐंशी साली हुपरीकर इथे एम.एस. करत होते. वडील कोल्हापुरात गेले. थोरल्या भावाचं पत्र आलं ते तेरावं उरकल्यावर. 'तुझी परीक्षा होती म्हणून कळवलं नाही.' त्या एका ओळीवरून हुपरीकरांनी भावाशी दोन वर्षं अबोला धरला होता. मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला हा किस्सा सांगताना त्यांचा आवाज अजून चढायचा. आता बोला! तोच माणूस स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "तसं नाही हो हे. आमचं ठरलंय. एकतीसला सांगायचंय."

"आणि एकतीसपर्यंत नाही थांबलं तर?"

"थांबेल," हुपरीकर म्हणाले. "मला अंदाज आहे."

सव्वीस जुलैला हॉस्पिसची नर्स आली. ही बाई घरी येऊन शेवटची सेवा करायची, औषधाचे थेंब द्यायची, पाठ पुसायची. जाताना तिने दारात हुपरीकरांचा हात धरला आणि सांगितलं की आता आठवडे नाहीत, दिवस आहेत. कुणाला बोलवायचं असेल तर आज बोलवा.

हुपरीकरांनी मान डोलावली. आत येऊन फोन हातात घेतला. निहारचं नावही काढलं. तेवढ्यात त्याचाच मेसेज आला, तीन खेळाडूंची नावं आणि पुढे, 'बाबा, सहज विचारतो हं.' त्यांनी फोन खाली ठेवला आणि टीव्ही लावला. खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत टीव्ही हीच एक जागा होती जिथे त्यांना काही करता येत होतं. आतल्या खोलीत त्यांच्या हातात काही नव्हतं.

मंगळवारी दुपारी वसुधाताईंना जरा जाग आली. हुपरीकर कापसाने त्यांचे ओठ ओले करत होते. त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं. "अहो, निहारला बोलवा आता."

"गुरुवारी पाच वाजता डेडलाइन संपते गं. दोनच दिवस. तूच शपथ घातलीयस ना? तेवढं थांब."

वसुधाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग डोळे मिटले.

हुपरीकरांना वाटलं, पटलं तिला. शपथ घालणाऱ्यानेच ती मोडली तर ती सुटते, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नाही. कशी शिरणार? दोन महिने त्या माणसाने एकतीस तारखेला धरून दिवस काढले होते. ती तारीख सोडली असती तर बायको मरतेय हे मान्य करावं लागलं असतं.

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वसुधाताई गेल्या. सरला काकू उशाशी होत्या. नर्स आली, तिने वेळ लिहिली, नियमाप्रमाणे उरलेली औषधं मोजून नष्ट केली आणि फ्युनरल होमला, म्हणजे अंत्यविधीवाल्यांना, फोन केला. त्यांची गाडी एक वाजता यायची होती.

सरला काकूंनी डोळे पुसले. "आता तरी लावा फोन."

"पाच वाजता."

"अहो, आता कसले पाच? आता कुणासाठी?"

"तिला शब्द दिलाय मी," हुपरीकर म्हणाले. "एवढा तरी पुरा होऊ दे." सरला काकू रागाने उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. एवढ्या शहाण्या माणसाशी भांडायचं तरी काय, आणि तेही अशा वेळी?

बरोबर बारा वाजता फोन वाजला. निहार.

"बाबा, दोन मिनिटं आहेत? तुम्हाला पाठवलेल्या तिघांतला तो लेफ्टी. नंबर्स फॅन्टॅस्टिक आहेत. बॉसला हवाय, सगळ्यांना हवाय. बदल्यात आमची दोन चांगली पोरं जातील. मला काहीतरी खटकतंय, पण सापडत नाहीये. यस ऑर नो?"

हुपरीकर आतल्या खोलीच्या दारात उभे होते. समोर पलंग होता. वसुधाताईंच्या अंगावर सरला काकूंनी हिरवी साडी पांघरली होती.

"घेऊ नका," ते म्हणाले. "त्याला दुखतंय."

"दुखतंय? कुठे? स्पीड तर तेवढाच आहे. रिपोर्टमध्ये काहीच नाही."

"जूनमध्ये तो दोन बॉलांच्या मध्ये हात झटकायचा, कोपर चोळायचा. सगळेच चोळतात. गेल्या चार मॅचेसमध्ये त्याने कोपराला एकदाही हात लावलेला नाही. एकदाही नाही, निहार. ज्याला खरंच दुखतं आणि कुणाला कळू द्यायचं नसतं, तो त्या जागेला हातच लावत नाही. नीट बसतो. हसून बोलतो."

"तुम्हाला कसं कळलं हे?"

हुपरीकरांनी भिंतीला हात टेकला. "बघितलंय मी," ते म्हणाले. "जवळून."

"ओके. ओके, मी त्यांचे मेडिकल्स पुन्हा मागवतो." पलीकडे पाच-सहा माणसं एकदम बोलत होती. निहार अजून काहीबाही विचारत राहिला, कोपराचं, खांद्याचं, कुठल्या मॅचपासून. हुपरीकरांनी सगळ्याची उत्तरं दिली. अकरा मिनिटं ते बोलले. शेवटी निहार म्हणाला, "आई कशी आहे?"

"झोपलीय."

"उठवू नका. पाचनंतर करतो."

पाच वाजून चार मिनिटांनी त्याचाच फोन आला. आवाज नुसता उसळत होता. "बाबा! एल्बो गेलाय त्याचा! लपवत होता! एमआरआय बघून आमचा डॉक्टर म्हणाला, ऑपरेशनच करावं लागेल. आम्ही नाही घेतला! अख्खी रूम विचारतेय, हू इज युअर सोर्स? आईला द्या फोन, तिला सांगतो. म्हणावं स्थळ नाकारलं."

हुपरीकरांनी दोन महिने घोकून ठेवलेली सगळी वाक्यं आजारपण सांगायची होती. हे सांगायचं त्यांच्याकडे एकही वाक्य नव्हतं. "निहार, आई गेली रे," ते म्हणाले आणि रडायला लागले.

पलीकडून अगदी हळू आवाजात, "कधी?"

"सकाळी. दहा वीसला."

"मी बारा वाजता फोन केला होता."

"हो."

"तुम्ही बोललात माझ्याशी."

"हो."

"बाबा, इथून रोज फ्लाइट आहे. फोर अवर्स. रोज होती."

फोन बंद झाला.

शुक्रवारी पहाटेच्या विमानाने तो आला. बापाच्या पाया पडला नाही, गळ्यातही पडला नाही. फ्युनरल होममध्ये जाऊन आईजवळ तासभर एकटा बसला. मग नर्सकडून आईची फाइल त्याने मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. मे, जून, जुलै. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. समोर हुपरीकर. सरला काकूंनी चहा ठेवला होता, तो दोघांनी घेतला नाही.

"तिनेच सांगितलं होतं ना, मला कळवू नका म्हणून?" निहार म्हणाला. "तशीच होती ती. फाइन. मी समजू शकतो. पण नंतर? शेवटी तरी तिने मला बोलावलं का?"

इथे एक 'नाही' पुरला असता. पोराचा राग अर्ध्यावर आला असता, मेलेल्या माणसावर कुणी किती दिवस रागावणार? सरला काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला माणूस जगात एकच उरला होता. तो 'नाही' हुपरीकरांच्या ओठांवर तयारही होता, दोन महिन्यांत खोटं बोलायचा सराव झाला होता.

"बोलावलं," ते म्हणाले. "मंगळवारी दुपारी. म्हणाली, निहारला बोलवा आता. मी म्हटलं, गुरुवारी पाचपर्यंत थांब."

निहारने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, ते तसेच राहिले. त्याने बापाकडे बघितलं नाही.

"मग ती काय म्हणाली?"

हुपरीकरांना मंगळवारचे ते नुसते मिटलेले डोळे आठवले. "'बरं' म्हणाली."