पाठीमागची चिठ्ठी

बाटलीच्या पुढच्या अंगाला वाईनरीचं नाव असतं, साल असतं, टेकडीचं एक चित्र असतं. ते कोणीही छापून देतं. पाठीमागे मात्र चार ओळींची एक छोटी चिठ्ठी असते, आतली वाईन चवीला कशी आहे ते सांगणारी. ती लिहायची आणि चिकटवायची ही दोन्ही कामं लग्न होऊन या घरात आल्यापासून काकूंकडे आहेत, म्हणून सगळं गाव त्यांना चिठ्ठीकाकू म्हणतं. काका वाईन करतात. म्हणजे द्राक्षं गाळतात, पिंपं भरतात, पिंपांवर टिचक्या मारून कान लावतात आणि कोणी काही विचारलं की ‘हं’ म्हणतात. दोघांच्या वाटचं बोलणं त्यामुळे काकूंनाच बोलावं लागतं, आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या वाईनरींच्या चिठ्ठ्यांवर काय काय लिहिलेलं असतं. रानफळं, ओली माती, जुनं चामडं. काकू म्हणायच्या, ह्या लोकांनी चपला चघळून बघितल्यात की काय. त्यांची स्वतःची रीत साधी होती. पिंपातून घोटभर काढायची, तोंडात घोळवायची, थुंकायची, डोळे मिटायचे आणि स्वतःला विचारायचं की ही कोणासारखी आहे. कारण काकूंचं ठाम मत होतं की प्रत्येक वाईन ओळखीतल्या कोणा ना कोणासारखी असतेच. माणूस सापडला की त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्या. नाव अर्थात लिहायचं नाही.

एका वर्षीची पांढरी त्यांच्या धाकट्या नणंदेवर गेली होती. ‘धावत येते, टेकत नाही, गेल्यावर कोण येऊन गेलं ते आठवत बसावं लागतं.’ एका वर्षीची गुलाबी निघाली थेट हेडमास्तरांसारखी. ‘रंग भारदस्त. आत सगळं गोडगोड पाणी.’ हेडमास्तरांनी त्या गुलाबीच्या सहा बाटल्या नेल्या आणि गावभर सांगत सुटले, की काकूंनी पोस्टमास्तरांना काय हुबेहूब पकडलंय. हा सगळा खेळ इतकी वर्षं बिनबोभाट चालला तो ह्याच एका गोष्टीवर. माणसाला शेजाऱ्याचं वर्णन चष्म्याशिवाय वाचता येतं, स्वतःचं मात्र भिंगाखाली धरलं तरी ओळखू येत नाही.

पण प्रत्येक नियमाला एक जाऊबाई असते.

थोरल्या जाऊबाई टेकडीवर राहायच्या. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा खालचं सपाट रान आणि वाईनरीची शेड काकांकडे आली, टेकडीचा उतार थोरल्यांकडे गेला. थोरले दीर गेल्यावर तो उतार जाऊबाईंनी एकटीनं सांभाळला. दोन घरांत भांडण म्हणावं असं काही नव्हतं, पण बोलणं कामापुरतं, आणि काम वर्षातून एकदाच. खालच्या सपाटीवर फक्त पांढरी द्राक्षं व्हायची. काळी यायची ती टेकडीच्या उतारावर, आणि वाईनरी चालायची ती लाल वाईनवर. गेल्या हंगामाच्या काळ्या द्राक्षांची वाईन वर्षभर पिंपात मुरायची आणि नव्या तोडणीच्या तोंडावर ती लाल बाजारात जायची. जाऊबाई दर वर्षी द्राक्षं देत आल्या होत्या. देताना दोन शब्द सुनवायच्या, पण द्यायच्या.

यंदा मात्र एका बड्या कंपनीचा माणूस टेकडीवर दोनदा चढून आला. त्यानं स्वतःचे ट्रक, स्वतःची तोडणीची माणसं, सगळं कबूल केलं होतं. जाऊबाई त्याला हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही म्हणाल्या नव्हत्या. इकडे घड काळेभोर होऊन गांधीलमाश्यांनी नुसते भरले होते. आणखी चार दिवस वेलीवर राहिले तर त्यांच्या मनुका होणार हे पोरासोरांनाही कळत होतं. लाल गेली तर शेडला कुलूप लावावं लागणार हे काकांनाच कळत होतं, म्हणून शेवटी ते वर गेले. आयुष्यातलं त्यांचं हे दुसऱ्या क्रमांकाचं लांब भाषण. ते म्हणाले, “वहिनी, द्राक्षं?”

जाऊबाई म्हणाल्या, रविवारी तुमची नवी लाल निघते ना, मी खाली येते. चव बघते, मग सांगते.

काकांनी हा निरोप आणला तेव्हा काकू चिठ्ठ्यांच्या खोलीत होत्या. लांब बाक, खळीचं भांडं, ब्रश, ओलं फडकं, आणि शेवटच्या खोक्यातली शेवटची बाटली हातात. निरोप ऐकला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण यंदाची लाल कोणावर गेली आहे हे त्यांना पहिल्या घोटालाच कळलं होतं. द्राक्षं जिच्या उतारावरची, वाईन तिच्यावर गेली तर त्यात वाईनचा काय दोष? लिहिताना काकू एकट्याच खुदुखुदु हसल्या होत्या. आता बाकावरून सगळ्या बाटल्या एकसुरात सांगत होत्या:

‘पहिल्या घोटाला तोंड आवळेल. अंगावर येते. उलट उत्तर देऊ नका, जरा थांबा, तिला तिचं बोलून घेऊ द्या. मग जी मऊ होते, ती शेवटच्या थेंबापर्यंत. पाहुण्यांसमोर बेताने काढावी.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. काकूंनी आधी कोमट पाण्याचा टब भरून डझनभर बाटल्या बुडवून ठेवल्या. पण खळ त्यांच्याच हातची. बाटली फुटेल, चिठ्ठी सुटणार नाही, असं त्या इतकी वर्षं ज्याला त्याला ऐकवत आल्या होत्या, आणि दुर्दैवानं ते खरं होतं. मग सुरी घेऊन खरवडून पाहिलं. पहिल्या बाटलीवरची सगळी चिठ्ठी गेली, फक्त ‘अंगावर येते’ तेवढं राहिलं. ते जास्तच वाईट दिसत होतं. वरून दुसरी चिठ्ठी डकवावी तर छापखानेवाला सासुरवाडीला गेलेला. काकूंनी काकांना विचारलं, आता काय करायचं. काका खूप विचार करून ‘हं’ म्हणाले.

शेवटी काकूंनी ठरवलं की जाऊबाईंच्या हाताला बाटली लागूच द्यायची नाही.

रविवारी अंगणात लांब टेबलं मांडली. पाव, चीज, धुऊन पुसलेले ग्लास. शेडमध्ये पांढऱ्या द्राक्षांचं गाळप चालूच होतं, त्याचा गोड आंबूस वास सगळीकडे भरला होता. गावातले लोक नवी लाल प्यायला जमले, आणि काकूंना वाटलं की सगळे आपल्याकडे बघून जरा जास्तच हसतायत. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. सगळ्या बाटल्या त्यांनी पुढचं तोंड लोकांकडे करून लावल्या होत्या, आणि एका बाटलीला, पडसं झालेल्या पोराच्या गळ्याला गुंडाळतात तसा, पांढरा रुमाल गुंडाळून ती हातातच धरून ठेवली होती.

जाऊबाई आल्या. ताठ पाठ, पायात तोडणीचे बूट, कोणाशी बोलणं नाही. टेबलापाशी उभ्याच राहिल्या. काकूंनी खुर्ची पुढे केली तर बसायला वेळ नाही म्हणाल्या. काकूंनी वाईन ओतली. जाऊबाईंनी घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि त्यांचं तोंड आवळलं. जमलेल्यांतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“पाठीमागे काय लिहिलंयस?” जाऊबाईंनी विचारलं. “चष्मा घरी राहिला माझा. वाचून दाखव.”

चष्मा घरी राहिला हे ऐकून काकूंच्या जिवात जीव आला. त्यांनी रुमाल जरासा सरकवला, घसा साफ केला आणि चिठ्ठीवर डोळे लावून वाचायला लागल्या. लोक ‘ध’चा ‘मा’ करतात, काकूंनी अख्खी बाराखडी बदलली. ही वाईन स्वभावाने शांत आहे. पहिल्या घोटापासून मधुर. लहानथोर सगळ्यांना हवीहवीशी. हिच्यामुळे घराला शोभा येते. आता कुठे थांबावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ‘आरोग्यालाही चांगली’ असंही जोडून दिलं.

जाऊबाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ग्लास खाली ठेवला आणि समोरच्या शेडकडे बघत, शाळेत कविता म्हणावी तसं, म्हणायला सुरुवात केली. “पहिल्या घोटाला तोंड आवळेल. अंगावर येते. उलट उत्तर देऊ नका...” एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. ‘पाहुण्यांसमोर बेताने काढावी’ इथे त्या जराशा थांबल्या आणि तेही म्हणून टाकलं. बाजारातल्या दुकानदाराला दोन खोकी आधी गेली होती. त्यानं गेल्या सोमवारीच जाऊबाईंना दुकानात बोलावून, कोण आहे ओळखा बघू, असं विचारलं होतं. आठवडाभर सगळ्या बाजाराला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या काकूंना.

अंगणात कोणी हसलं नाही, कारण हसायची कोणाची छाती नव्हती. शेडमधलं गाळपाचं यंत्रसुद्धा बंद झालं. काका दारात येऊन उभे राहिले होते, कोपरापर्यंत रसानं माखलेले.

“आत्ता वाचलंस ते कोण?” जाऊबाई म्हणाल्या. “मी तिला ओळखत नाही. लिहिलंयस ती मी आहे. तुरट आहे, अंगावर येते, सगळं मान्य. पण ते मधलं एक कळलं नाही मला. मी मऊ झालेली तू कधी पाहिलीस?”

काकूंनी रुमाल पुन्हा चिठ्ठीवर ओढला. जाऊबाईंनी मघाची खुर्ची पायानं ओढली आणि बसल्या. “बसले. सांग.”

मग काकूंनी सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात त्या पिंपाची तोटी उघडी ठेवून गप्पा मारायला गेल्या होत्या, आणि अख्खं पिंप शेडच्या फरशीवरून गटारात वाहून गेलं होतं. सासूबाई दारात आल्या तेव्हा, तोटी मी उघडी ठेवली, असं म्हणून जाऊबाई पुढे झाल्या होत्या. सासूबाईंची सगळी बोलणी त्यांनी खाली मानेनं खाल्ली. मग काकूंना पिंपांच्या मागे नेऊन आठवडाभर पुरेल इतकं झापलं होतं, आणि झापता झापता स्वतःच्या पदरानं त्यांचे रसानं भरलेले पाय पुसले होते.

“माझी पेटी भरलेली होती त्या दिवशी,” काकू म्हणाल्या. “तुम्ही नसता ना वहिनी, तर मी ह्या घरात राहिले नसते.” बोलता बोलता त्यांनी बाटलीचा रुमाल सोडून डोळ्यांना लावला.

जाऊबाईंनी ग्लास उचलला. दुसरा घोट घेतला, सावकाश. ह्या वेळी तोंड आवळलं नाही.

“हे चिठ्ठीवर का नाही लिहिलंस?”

“जागा नव्हती.”

“मग पुढच्या वर्षी मोठी छापून घे,” जाऊबाई म्हणाल्या.

दारातल्या काकांनी ते ऐकलं, काळ्या द्राक्षांचे रिकामे क्रेट माळ्यावरून खाली काढले आणि कोणाला काही न विचारता धुवायला घेतले.