आगुदर हिच्या तोंडाले

वैद्यबुवांनी लेप पळसाच्या पानावर काढला. पान जमिनीवर ठेवलं आणि काठीने माझ्याकडे सरकवलं. त्यांना मला शिवायचं नव्हतं. माझं तोंड मात्र हवं होतं.

ओसरीवर मालकीणबाई बसल्या होत्या, पदर नाकापर्यंत ओढून. त्या वैद्यबुवांना म्हणाल्या, "आगुदर हिच्या तोंडाले लावून पाहा. काई झालं तं हिले होईन."

माझ्यासमोर म्हणाल्या. मी खाली अंगणात उकिडवी बसले होते, चार हात लांब. बैल घेताना माणसं बैलासमोरच त्याच्या दातांबद्दल बोलतात, तसं चाललं होतं.

मी विचारलं, "याच्यात काय हाये जी?"

वैद्यबुवा म्हणाले, "चंदन आहे, हळद आहे. नशीब समज."

त्या सालात कापसाला सोन्याचा भाव होता. समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, म्हणून आमच्या काळ्या मातीतला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. अमरावतीच्या परकोटाबाहेर बैलगाड्यांना जागा पुरेना. आमचा मालक कापसाचा आडत्या. बघता बघता गबर झाला. त्याच्या मागच्या अंगणात आम्ही वस्तीवरच्या बायका ओळीने बसून लाकडी चरखीवर कापसातली सरकी काढायचो. दिवसभर नाकातोंडात कापूस.

पैसा आला आणि बाईंच्या गालांवर वांग आले. तिसरं बाळंतपण झालं तेव्हापासून, दोन्ही गालांवर काळसर, नाकावरून पसरत गेलेले. वैद्यबुवा सांगायचे, बाळंतपणाची उष्णता आहे, त्यात ऊन. मसुराची डाळ दुधात वाटून लावून झाली. चंदन झालं, मंजिष्ठा झाली. वांग हलेनात. इकडे हळदीकुंकवाला बाकीच्या आडत्यांच्या बायका यायच्या, अंगभर सोनं घालून, आणि बाईंच्या गालांकडे टक लावून बघायच्या. मग वैद्यबुवांनी जालीम औषध काढलं. जालीम म्हणजे बाईंच्या तोंडाला आधी लावणं आलं नाही. अंगणात नितळ कातडीची कोण, तर मी.

माझं लग्न लहानपणीच झालेलं. त्या उन्हाळ्यात नांदायला जायचं होतं. सासरा याच मालकाच्या गाड्या हाकायचा. नाही म्हणून उठले असते, तर आमच्या चरख्या गेल्या असत्या आणि सासऱ्याची गाडीही.

मी लेप लावला. चंदनाचा वास आला. बरं वाटलं, खरं सांगते. मग गाल चुणचुणायला लागला. मग आग. मी म्हटलं, "बाई, जळून राह्यलं वो. पाणी द्या."

"सुकू दे," बाई म्हणाल्या.

मी हात उचलला, तसे वैद्यबुवा खेकसले, "हात लावू नकोस! सगळं फुकट जाईल."

मी बसून राहिले. मांडीखाली हात दाबून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते लेपावर ओघळलं की जास्त झोंबायचं. बाई ओसरीच्या कडेला येऊन वाकून बघत होत्या. मी कशी आहे ते बघत नव्हत्या. कातडीचा रंग बघत होत्या.

शेवटी फोड दिसायला लागले. वैद्यबुवांनी मान हलवली आणि बाईंना म्हणाले, "बिब्ब्याचं प्रमाण जरा जास्त झालं."

बिब्बा. गाठींच्या कापडावर मालकाची खूण बिब्ब्याच्या रसाने काढतात. कितीही धुतलं तरी जात नाही. तो अंगावर उतला की माणूस तडफडतो, हे आमच्यातल्या शेंबड्या पोराला माहीत. तो त्यांनी मला चंदनात मिसळून दिला. बाईंनी वरून एक जुनेर माझ्या अंगावर टाकलं आणि आत निघून गेल्या.

मायने तीळ वाटले, लोण्यात कालवले, तोंडभर थापले. डोळे सुजून मिटले होते. मायचे हात तेवढे कळत होते. सूज उतरली, खपल्या गेल्या. खालून पांढरा चट्टा निघाला, गालापासून नाकापर्यंत, भोवती काळी कड.

मग लोक सुरू झाले. आपलेच लोक. कोड आहे म्हणाले. देवीचा कोप आहे म्हणाले. गेल्या जन्मी काय केलं असेल कोण जाणे. मीठ सोड, नवस बोल. मी ओरडून सांगायची, बिब्बा आहे, बाईंसाठी लावला. कोणी ऐकेना. एवढ्या मोठ्या घरची बाई असं कशाला करील? अंगणात शेजारच्या बाईने आपली चरखी माझ्यापासून लांब ओढून घेतली. ती माझी मावशी लागायची.

सासू आली. हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. म्हणाली, "कोडाची पोट्टी आमाले नोको." चहूकडे ऐकू जाईल असं म्हणाली आणि पाणीही न पिता गेली.

त्यानंतर मला बसवेना. चरखीवर बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जावं कळत नसे. विहिरीवर वाकायची नाही. पदर ओढून ओढून मान आखडली. नखाने चट्टा खरवडायची, रक्त येईपर्यंत. रक्ताखालीही तो पांढराच.

कापसाचा पुढचा हंगाम लागला आणि बाईंनी मला ओसरीपुढे बोलावलं. वैद्यबुवा होतेच. नवा लेप केला होता. माझ्यावर आता काही कळणार नाही म्हणाले, कोरी कातडी पाहिजे.

बाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुही धाकटी बहीण हाये ना? नितळ हाये म्हणतात. तिले घेऊन ये. मी तुह्या सासऱ्याले बोलावून सांगतो, हे कोड नोहे, औषधानं झालं. माह्या शब्दावर थो तुले घेऊन जाईन."

म्हणजे यांना माहीत होतं. गावाने मला कोडी ठरवलं, मीठ सोडायला लावलं, नवरा तोडला, आणि यांच्या एका वाक्याने सगळं थांबलं असतं. ते वाक्य यांनी राखून ठेवलं होतं. आता त्याचा भाव सांगत होत्या. माझी बहीण.

खोटं कशाला बोलू? क्षणभर मला सासरची चूल दिसली. नवऱ्याचं तोंड आठवेना, पण चूल दिसली. मग बहिणीचे गाल दिसले.

मी उभी राहिले. त्या ओसरीपुढे आमच्यातलं कोणी उभ्याने बोलत नसे. मी पदर मागे टाकला, तोंड उघडं केलं आणि म्हटलं, "बाई, या खेपेले आगुदर तुमच्याच तोंडाले लावा. उतला तं मी तीळ वाटून आणून देतो."

वैद्यबुवा उठून ओरडले, "माज आला का गं तुला?"

"आला जी," मी म्हटलं.

तिथून तडक मागच्या अंगणात गेले. लेपात काय होतं, कोणासाठी होतं, आता कोणाची पोरगी मागताहेत, सगळं मोठ्याने सांगितलं. चरख्या थांबल्या. मावशीने मान खाली घातली. कोणी माझ्या बाजूने उठलं नाही. पण कोणी खोटं आहे असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या चरख्या बंद. माय, बहीण आणि मी चालत अकोल्याला आलो. आता मोर्णेच्या काठी दुसऱ्याच्या अंगणात सरकी काढतो. नवऱ्याने दुसरी केली. करू दे.

इथल्या बायका विचारतात, "तोंडाले काय झालं वो?" मी पदर ओढत नाही. त्या आडत्याचं नाव सांगते, बाईचं सांगते, वैद्याचं सांगते. बापाच्या नावासकट. गाडीवानांनाही सांगते, ते अमरावतीला जातात. आणि त्यांना बजावून ठेवलंय, त्या ओसरीपुढे पुन्हा कोणाची पोरगी बसवली तर मला निरोप द्या. मी चालत येईन. भर बाजाराच्या दिवशी, हेच तोंड घेऊन, त्यांच्या दारात उभी राहीन, आणि तिचा हात धरून तिला उठवल्याशिवाय हलणार नाही.