बू रास्तिनीची अकरा माणसं

सव्वीस वर्षं बू रास्तिनीच्या फुटबॉल संघाने एकही सामना जिंकला नाही, आणि तिला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. बू म्हणजे आमच्याकडे आई; सगळं बंदर तिला तसंच म्हणतं. तिला हवी असायची फक्त अकरा माणसं. लुळी असोत, पांगळी असोत, पण अकरा. पंचाने डोकी मोजली, वहीत सही केली, की तिचं काम झालं. त्या अकरांतला डाव्या बाजूचा बचावपटू मी, तारजो. वय वर्षं छप्पन. गुडघ्यातून सुतारकामाचे आवाज येतात, तरी उतरतो.

लोक हसायचे. मासे धुरावर भाजणारी एक विधवा कशाला हा खटाटोप करते? ज्यांना पर्सेवेरू क्लबची नियमावली ठाऊक नव्हती, तेच हसत होते.

आमच्या पर्सेवेरूला कुणी एक मालक नव्हता. डच होते तेव्हा बंदरातल्या नऊ वस्त्यांच्या संघांनी मिळून तो क्लब उभा केला. साखर कारखानेवाले, रेल्वे शेडवाले, बातिकचं कापड रंगवणारे, चिनी दुकानदार, अरब गल्लीवाले, मास्तर लोक असे सगळे, आणि आम्ही कोळी, म्हणजे मिना बहारी. हे नऊ संघ आपसात खेळायचे आणि त्यांतले उत्तम खेळाडू पर्सेवेरूचा पिवळा शर्ट घालायचे. सभेत प्रत्येक संघाला एक मत. त्यात एक नियम होता. क्लबचं नाव आणि रंग गावाबाहेर द्यायचे तर सगळ्या संघांचा होकार पाहिजे. आणि ज्या संघाला हंगामात अकरा माणसं जमली नाहीत, त्याचं मत कायमचं गेलं. कारखाना बंद पडला, शेड मोडली, रंगारी जकार्ताला गेले. नवाचे चार उरले. त्यांतला चौथा आमचा, बू रास्तिनीचा.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगताना माझीही लाज निघणार आहे, पण इलाज नाही.

तिचा नवरा कासमुरी पर्सेवेरूचा गोलरक्षक. हात असे, की नारळ झेलल्यासारखा चेंडू झेलायचा. त्या वर्षी आमचा शेवटचा सामना शेजारच्या जिल्ह्याशी होता. आमचा व्यवस्थापक सुबेखी. तेव्हा तो हाजी व्हायचा होता. त्याला कौन्सिलात खुर्ची हवी होती आणि ती त्या शेजारच्या जिल्ह्याच्या साहेबांच्या हातात होती. सामन्याआधी त्याने आम्हा तिघा बचावपटूंना बाजूला घेतलं. म्हणाला, "आज जरा बाजूला व्हायचं. तुमचं मी बघतो." कासमुरीला सांगायची हिंमत त्याला झाली नाही. पहिला गोल माझ्या बाजूने आला. मी बाजूला झालो. दुसराही माझ्याच बाजूने.

गाव खवळलं, तेव्हा सुबेखीने सगळं खापर गोलरक्षकावर फोडलं. कासमुरीने सामना विकला म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. जन्माची बंदी आली. लोकांनी त्याच्या दारावर चुन्याने 'विक्या' लिहिलं. सुबेखीने त्याला एकांतात सांगितलं, "गप्प राहा. महिन्याभरात बंदी उठवतो." तो बिचारा गप्प राहिला. तसल्या माणसाला नावेवर घेतलं तर जाळं रिकामं येतं, म्हणून कुणी त्याला कामाला घेईना. तीन वर्षांत खंगून गेला. मला बंदराच्या फाटकावर नोकरी लागली. मी मूग गिळून बसलो.

कासमुरी गेल्यावर मिना बहारीचा शिक्का, म्हणजे संघाचा सगळा कारभार, रास्तिनीने हातात घेतला. मी तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, "बू, काही लागलं तर सांगा."

"डावीकडे उभा राहशील?" तिने विचारलं.

तेव्हापासून उभा आहे. दर सामन्यानंतर ती मला भात आणि पाकट माशाचं झणझणीत कालवण वाढायची. मला वाटायचं, माझं पाप हळूहळू फिटतंय.

गेल्या वर्षी हाजी सुबेखी, आता क्लबचा अध्यक्ष, पर्सेवेरूचं नाव समुद्रापलीकडच्या कालिमांतानच्या एका कोळसा कंपनीला द्यायला निघाला. क्लब तिकडे खेळणार आणि हा त्याचा कायमचा प्रमुख होणार. तीन संघ तयार झाले. चौथ्यासाठी त्याला नारळाच्या करवंट्यांच्या धुरात, तिच्या खोपटात यावं लागलं. मी तिथेच मासे टांगत होतो.

"बू, तब्येत काय म्हणते?"

"तुमची वाट बघत जिवंत ठेवलीय तिला."

हाजी खोकला. "जुनं कशाला उकरायचं? झालं गेलं समुद्राला मिळालं."

"समुद्राला मिळालेलं मी रोज टोपलीत घालून विकते, हाजीसाहेब. बोला."

त्याने पायधरणी करायचीच काय ती बाकी ठेवली. शेवटी ती म्हणाली, "सभेत, भोंग्यावरून, तुमच्या तोंडाने सांगा. कासमुरीने सामना विकला नाही, तुम्ही तिघा बचावपटूंना हरायला सांगितलं. हे बोललात तर तुमच्या बाजूने हात वर करते. शब्द देते."

तिघा बचावपटूंना! माझ्या हातातला मासा राखेत पडला. तिने तो उचलून पुन्हा टांगला. माझ्याकडे बघितलंही नाही.

सभेला शाळेचं सभागृह भरलं होतं. हाजी उठला. तोंड असं, की कारल्याचा रस प्यायलाय. पण बोलला. सगळं बोलला. तिघांची नावं मात्र त्याने घेतली नाहीत. ती घ्यायची अट रास्तिनीने घातलीच नव्हती. मागच्या बाकांवर म्हातारे कोळी रडत होते. ज्याने दारावर चुना फासला होता तो उठून तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "उठा. आता काय उपयोग?"

मग मतदान. तीन हात वर गेले. तिचे हात मांडीवर.

"बू," हाजी हसत म्हणाला, "हात."

"नाही."

"अहो, शब्द दिला होता तुम्ही!"

"दिला होता. तुम्हीही कासमुरीला दिला होता. महिन्याभरात बंदी उठवतो म्हणून."

मास्तरांचा म्हातारा चिटणीस हात जोडून म्हणाला, "बू, असं करू नका. नाव दिलं नाही तर पैशांवाचून क्लब वर्षभरात बुडेल. पोरांना खेळायला संघ उरणार नाही."

"बुडू दे," ती म्हणाली. "तिकडे जाऊन या माणसाने खुर्चीत बसण्यापेक्षा इथे बुडलेला बरा."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? हाजीला दाराकडे जाताना बघून माझी छाती भरून आली. सव्वीस वर्षांनी उट्टं निघालं होतं, आणि मीही त्यात अकरावा होतो. घरी जाताना मी म्हणालो, "बू, आता मनाला थंडावा मिळाला ना?"

"अर्धा."

"तिघे बचावपटू... तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती थांबली. "कासमुरी गोलात उभा होता. त्याच्या डोळ्यांसमोरून तू बाजूला झालास. तो काय आंधळा होता? त्याच दिवशी घरी येऊन त्याने सांगितलं."

"मग मला इतकी वर्षं जेवायला का घातलंत?"

"मला अकरा माणसं लागत होती. मत आता वापरून झालं." तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "बाकीचे दोघे मेले. तू आहेस. रविवारी तू गोलात उभा राहायचंस."

"बू, मला गोलात जमत नाही."

"ठाऊक आहे."

रविवारी अरब गल्लीच्या तरण्या पोरांशी गाठ होती. जाळ्यामागे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ती बसली. पहिला चेंडू पोटावर बसला आणि मी आडवा झालो. मागून आवाज आला, "ऊठ, तारजो." दुसऱ्याला, पाचव्याला, नवव्याला तेच. तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. नववा घेताना मनगट मुरगळलं. मला तिचा संताप आला, आणि तो करायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं. तेराव्या गोलानंतर पंचाने शिट्टी फुंकली. मी चिखलात बसून होतो. भाताचं ताट आलं नाही.

"पुढच्या रविवारी चार वाजता," ती म्हणाली.

"येतो, बू," मी म्हणालो.