पट्ट्याचे अकरा टाके

चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या या कारागिराच्या दुकानात बायका यायच्या त्या दुसऱ्या कुणासाठी तरी. नवऱ्याला पाकीट, वडिलांना चष्म्याचं घर, भावाला प्रवासाची जाडजूड बॅग. हा आरीनं भोकं पाडायचा, दोन सुयांनी शिवायचा आणि ती वस्तू ज्याला मिळणार त्याचा मनोमन हेवा करायचा. याला कुणी कधी काही दिलं नव्हतं. "तुला काय, तू तर बनवणाराच," म्हणून सगळे मोकळे. स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल तारेनं बांधलेलं होतं.

पण खरा पोटशूळ समोरच्या दुकानाचा. तिथला कारागीर दहा वर्षांनी लहान आणि त्याच्या शिवणीचं कौतुक गावभर. "हात चांगला आहे हो त्याचा," असं मेव्हणासुद्धा म्हणाला, तेही याच्याच घरी जेवताना. यानं तो घास कसाबसा गिळला.

एका दुपारी रुमाल शोधताना बायकोच्या कपाटात समोरच्या दुकानाचं खोकं सापडलं. आत पुरुषी, दणकट पट्टा. म्हणजे नवऱ्याचं दुकान सोडून ही समोर गेली, आणि तेही त्या लाडक्या भावासाठी! याच्या अंगाचा तिळपापड झाला. पट्टा त्यानं उजेडात धरला. टाके एकसारखे, खोट काढायला जागा नाही, आणि तेच जास्त झोंबलं. दोरा शेवटी लपवतो कुठं ते तरी बघू, म्हणून त्यानं टोकाचे अकरा टाके उसवले. लपवलेलं काहीच नव्हतं. दोरा मागे फिरवून कापलेला, हाही तसंच करायचा.

तेवढ्यात जिन्यात बायकोची चाहूल लागली. यानं त्याच भोकांतून घाईघाईत शिवलं आणि खोकं जागच्या जागी ठेवलं.

रविवारी तिनं तेच खोकं त्याच्या पुढ्यात ठेवलं. "तुमच्याच दुकानातनं आणलं असतं तर ती भेट कसली? मापासाठी तुमचा जुना पट्टा तुम्ही आंघोळीला गेल्यावर पळवला होता."

तिनंच पट्टा त्याच्या कमरेला बांधला. टोकाशी तिचं बोट थांबलं.

"एवढ्या टोकाला मात्र गचाळपणा केलाय बघा. तुमच्या हातून असले टाके पडलेच नसते. उद्या जाऊन सुनावू का त्याला?"

"नको," तो म्हणाला. "हात चांगला आहे त्याचा."